क्लच प्लेटचे चार भाव

चंपतरावांनी आयुष्यात पहिल्या दुकानातून कधी काही घेतलं नाही. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घ्यायची तरी हा माणूस अख्खा बाजार पालथा घालायचा आणि शेवटी पहिल्याच बाईकडे येऊन म्हणायचा, "तिकडे याच्याहून सस्ता भेटून राहिला." घरचे हसायचे. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

अशा माणसानं एकाहत्तर साली लिलावात जुनी लँडमास्टर मोटार घेतली. बांधकामावरचा मिस्त्री, नागपूरच्या इंदोऱ्यात दोन खोल्यांचं घर, अन् दारात मोटार! लोकांनी टिंगल केली. करणारच. मोटार चालती व्हायलाच वर्ष गेलं, कारण एकेका पार्टचे भाव काढण्यात महिने जात. पण चंपतरावांनी ती मिरवायला घेतली नव्हती. थोरली बहीण पंचफुला सावनेरला दिलेली. आईबाप लवकर गेले, तिनंच त्यांना वाढवलं. सणासुदीला ते मुराळी म्हणून तिला आणायला जायचे, तेव्हा येताना दोघं कुणाच्या तरी बैलाच्या खाचरात पोत्यांवर बसून यायचे. गाडीवान दोनदा ऐकवायचा की नीट बसा, माल दाबू नका. हे त्यांच्या मनात सलत होतं. "बाई, आता तुले माझ्या गाडीत आणीन," असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

गाडी चालू झाली न झाली तोच पंचफुलाबाईच्या नवऱ्याचं, नानाजींचं कार्ड आलं. नानाजी कोळशाच्या खाणीत कामाला. त्यांनी लिहिलं होतं, "हिचा उजवा डोळा देवीत गेला ते तुम्ही जाणताच. आता डाव्यालाही दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं दुखतं. नागपूरच्या डॉक्टरला दाखवावं म्हणतो. सोमवारी एसटीनं आणू का?"

चंपतरावांनी उलट टपाली कळवलं, "बाईला एसटीत चेंगरत आणू नका. मी गाडी घेऊन येतो. तयार राहा."

आणि त्याच आठवड्यात क्लच प्लेट जळाली. इंजिन नुसतं ओरडे, चाक काही हलेना.

नागपुरातच सदर भागात गोपाळरावांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्यांनी फळीवरून प्लेट काढून समोर ठेवली. "पंच्याण्णव रुपये. घेऊन जा, संध्याकाळी गाडी रस्त्यावर."

"पंच्याण्णव? सोन्याची हाय का गा?"

"गाडीचं घाईचं काम असन तर घ्या. नसन तर फिरा."

घाईचं होतं की! पण खोड कुठे जाते? चंपतराव गड्डीगोदामला गेले, तिथे एक्क्याण्णव. घरी येऊन त्यांनी मुंबईच्या अन् दिल्लीच्या व्यापाऱ्यांना दोन जवाबी कार्डं टाकली. चार भाव समोर आल्याशिवाय त्यांचा हात खिशाकडे जातच नसे. आठव्या दिवशी दिल्लीचं उत्तर आलं, सत्तर रुपये. मुंबईचं यायचं होतं, मग तेवढ्यासाठी आणखी चार दिवस. मुंबईवाला महाग निघाला. तेव्हा कुठे दिल्लीला लिहिलं, व्ही.पी.नं पाठवा.

मधे एकदा त्यांना वाटलं, पंच्याण्णवची घेऊन टाकावी. पण सावनेरहून पंचफुलाबाईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं, "घाई करू नको. मले बरं हाय." मोठी बहीण दुसरं काय लिहिणार? इतकी साधी गोष्ट, पण चंपतरावांना ते कार्ड सोयीचं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं अन् निश्चिंत झाले.

पार्सल चोविसाव्या दिवशी आलं. दुपारपर्यंत प्लेट बसली, अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच चंपतरावांनी सावनेर गाठलं. पंचफुलाबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. ते अगदी समोर जाऊन उभे राहिले. ती रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, "मोटारीचा आवाज आला. चंपत आला का जी?"

नानाजी आतून आले. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, थकलेला होता. "दहा दिवस झाले डोळा जाऊन. रात्र रात्र डोकं धरून ओकली. मी म्हणो, चाल एसटीनं. तं म्हणे, भाऊ गाडी घेऊन येते अन् मी एसटीत बसू? लोक त्याले काय म्हणतीन?"

नागपूरला धंतोलीतल्या डॉक्टरांनी डोळा तपासला अन् चंपतरावांना बाजूला घेतलं. "काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर थांबला असता. हा थांबत नाही. दुखणं वाढलं त्याच दिवशी आणलं असतं तर बरीचशी नजर वाचली असती. आता उपाय नाही."

वाचले होते ते टपालखर्च वजा जाता एकोणीस रुपये.

डॉक्टरांकडून इंदोऱ्याला घरी येताना पंचफुलाबाई पुढे चंपतरावांच्या शेजारी बसली होती, नानाजी मागे. चंपतरावांना राहवलं नाही. "बाई, प्लेट सदरमध्येच होती. पहिल्याच दिवशी. भाव पाहाच्या नादात मी तुया डोळा घालवला."

ती रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर त्यांना बरं वाटलं असतं. ती गादीवरून हात फिरवत राहिली.

"रंग कोणता हाय गा गाडीचा?"

"निळा."

"चांगला हाय." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मोहल्ला आला का?"

"आला."

"मंग हळू चालव. लोकायले दिसू दे, पंचफुला भावाच्या गाडीत येऊन राहिली."

चंपतरावांनी गाडी हळू केली. भर दुपार होती, दारं लोटलेली, गल्लीत माणूस नव्हतं. पंचफुलाबाईनं पदर सारखा केला आणि ताठ बसली.

"पाहून राहिले का गा लोक?"

"हो बाई," चंपतराव म्हणाले. "सगळे पाहून राहिले."