हाकेचे देणे

न्यान्फो हा किनाऱ्यासमोरच्या वाळूच्या बांधावर फुटणाऱ्या लाटा मोजणारा पहिला माणूस. त्याचा मुलगा व्ले याने ती मोजणी क्रू जमातीच्या साऱ्या नावाड्यांना शिकवली. व्लेचा मुलगा तुग्बे याने लायबेरियातल्या मन्रोव्हियाच्या किनाऱ्यावर तीन होड्या बांधल्या, आणि मरताना त्या होड्या मुलाच्या नव्हे, थोरल्या मुलीच्या हाती दिल्या. ती मुलगी म्हणजे जुग्बे. या कथेच्या वेळी ती सत्तरीला टेकली होती आणि तिच्यासमोर वस्तीतला एकही पुरुष आवाज चढवीत नसे.

मन्रोव्हियाला जहाजे लागायला धक्का नव्हता. जहाजे दूर उभी राहत आणि तांदूळ, लोखंड, लग्नाचे पियानो, इतकेच काय, मंत्र्यांच्या उंच टोप्यासुद्धा क्रू लोकांच्या होड्यांतून लाटा फोडूनच किनाऱ्याला येत. टेकडीवर राहणारे राज्य करीत. त्यांचे आजे अमेरिकेहून आले होते. परंतु त्या आज्यांनाही पहिल्या दिवशी कोणीतरी होडीतून उतरवून घेतले होतेच. ही गोष्ट टेकडी विसरली होती, जुग्बे विसरली नव्हती.

तुग्बेच्या किनाऱ्याचा एक नेम होता. ज्याने माणसाला समुद्रावर धाडले, त्यानेच, तो माणूस परत न आल्यास, अनवाणी लाटांत उभे राहून त्याला नावाने हाक मारायची. ती हाक होईपर्यंत घरातल्या बायका वेणी घालीत नसत आणि गेलेल्यासाठी रडतही नसत. तुग्बेने आपल्या हयातीत अशा पाच हाका मारल्या होत्या. एकही टाळली नव्हती.

सन एकोणीसशे सतराच्या ऑगस्टमध्ये टेकडीवर जाहीरनामा वाचला गेला, की लायबेरिया जर्मनीविरुद्ध युद्धात उतरत आहे.

“आपण युद्धात उतरलो म्हणे,” जाळे विणणारी वेदे म्हणाली.

“कशानं लढणार? वल्ह्यांनी?” जुग्बेचा धाकटा भाऊ तेआ हसला. आई गेल्यावर जुग्बेनेच त्याला वाढवले होते. आता तो पन्नाशीचा झाला होता, तिन्ही होड्यांचा सुकाणूदार होता, तरी अक्काने हाक मारली की हातातला घास ठेवून उठत असे. “अक्का, मला सेनापती करतील बघ. माझ्याकडं सगळ्यात लांब वल्हं आहे.”

“आधी होडीची भेग बुजव, सेनापती,” जुग्बे म्हणाली.

पुढच्या एप्रिलमध्ये एका सकाळी समुद्रातून जर्मन पाणबुडी वर आली. शहरातले बिनतारी यंत्र मोडून टाका, नाहीतर तोफा डागतो, असा तिचा निरोप होता. टेकडीवर धावपळ उडाली. दुपारी सरकारचे चिटणीस ऑगस्टस पेल्हम काळा लांब कोट सावरत वाळूत उतरले. त्यांच्या हातात उत्तराचा लखोटा होता.

“होडी हवी. आत्ताच्या आत्ता.”

“समुद्राचं तोंड आज वाईट आहे, साहेब,” जुग्बे म्हणाली. “आणि ते लोखंडी जनावर त्याहून वाईट. पाठवतंय कोण?”

“सरकार.”

“सरकारला पाय नाहीत. पाठवतंय कोण?”

पेल्हम चिडले. “मी पाठवतो! झालं समाधान?”

“ऐकलंत सगळ्यांनी,” जुग्बे म्हणाली, आणि तेआने होडी लोटली.

लखोटा पोचला. उत्तर पाणबुडीला पटले नाही. होडी परत फिरली आणि तोफा सुरू झाल्या. काही गोळे शहरात पडले, माणसे मेली. एक गोळा आखूड पडला, बांधाच्या अलीकडे, नेमका लाट फुटते तिथे, होडीवरच. सहा वल्हेकरी पोहत आले. सुकाणूदार आला नाही.

जुग्बेने वेणी सोडली आणि पेल्हमची वाट पाहू लागली. पेल्हम आले नाहीत. त्यांच्याकडून तांदळाचे एक पोते आले. तिने ते आणणाऱ्याच्याच डोक्यावर परत चढवले.

दुसऱ्या वर्षी टेकडीवरच्या चर्चच्या घंटा वाजल्या. पॅरिसला तह झाला होता. युद्धात गेलेल्यांची यादी वाचली जाणार म्हणून वेदे मुद्दाम वर जाऊन आली.

“तेआचं नाव नाही, अक्का. शेवटी कोणी ‘जॅक दिवाबत्ती’ म्हणून वाचला. लोक हसले.”

क्रू पोरे जहाजावर नोकरीला लागली की कप्तान त्यांना मनाला येईल ते नाव चिकटवीत. कोणी पिंप, कोणी सोमवार. तेआ तरुणपणी जहाजावर दिवे पुसत असे, तेवढ्यावरून त्याचे ते झाले होते. सरकारी कागदात तेच उतरले.

पावसाळा सरता सरता तहाहून परतणाऱ्या सरकारी मंडळींना घेऊन जहाज आले आणि बांधापलीकडे उभे राहिले. होड्यांना बोलावणारी शिट्टी झाली. किनाऱ्यावर जुग्बेच्या तिन्ही होड्या पालथ्या होत्या. इतर घराण्यांच्या होड्याही तिच्या शब्दावर पालथ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही शिट्टी झाली. स्वागतासाठी आलेले बॅन्डवाले वाळूत बसून सुरण खाऊ लागले. तिसऱ्या सकाळी पेल्हम आले. सोबत चार शिपाई होते.

“बाई, हा राजद्रोह आहे.”

“मग धरा मला. शिपायांनाच द्या वल्ही. बघू किती जण बांध ओलांडतात.”

शिपायांनी समुद्राकडे पाहिले आणि मग आपल्या बुटांकडे.

“तुमच्या माणसाचं नाव यादीत घातलंय,” पेल्हम म्हणाले. “मी स्वतः लिहिलंय. जॅक...”

“गप्प बसा! ते कप्तानानं फेकलेलं हाड आहे. ज्याला मरायला धाडलंत त्याचं नाव सांगा.”

पेल्हमना ते ठाऊक नव्हते. त्यांनी वल्हेकऱ्यांकडे पाहिले. सहाही जणांनी पाठ फिरवली. वेदेकडे पाहिले, ती जाळ्यात डोके घालून म्हणाली, “मला कमी ऐकू येतं, साहेब.”

“मी लेखी दिलगिरी देतो. सरकारी मोहोर लावून.”

“समुद्राला वाचता येत नाही.”

“पण तह झालाय! जगानं सह्या केल्यात!”

“तुमच्या माणसांना कुठं बसवलं होतं तिथं?”

प्रश्न एवढा सरळ आला, की पेल्हमनी खरे उत्तर दिले. “मागे. पत्रात लिहिलं होतं त्यांनी. अगदी मागे. एकानं विचारलं म्हणे, हा कुठला देश, आणि हा लढला कधी.”

“आणि तुम्हाला झोंबलं.”

पेल्हमनी जहाजाकडे पाहिले.

“आमचे मेले, आमचं शहर फुटलं, आणि नाव विचारायचीही तसदी नाही. असंच वाटलं ना? मला दीड वर्ष वाटतंय, साहेब. टेकडीवरून इथं यायला पॅरिसहून कमी वाट आहे.”

जहाजाची शिट्टी पुन्हा झाली. पेल्हमनी शिपायांना वर जायला सांगितले. टोपी काढली. दुखवट्याच्या घरी बसतात तसे ते वाळूत मांडी घालून बसले. काळ्या कोटाला ओल लागली. बॅन्डवाल्यांनी खाणे थांबवले.

“आई,” ते म्हणाले, “मी कोणाला पाठवलं?”

जुग्बे समुद्राकडे पाहत म्हणाली, “तेआ. तुग्बेचा मुलगा तेआ. गाणं वाईट म्हणायचा आणि लाट कधी चुकायचा नाही.”

पेल्हमनी बूट काढले. मग पायमोजे काढले. ते पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत.

“तेआ!”

“हुकूम देऊ नका त्याला,” जुग्बेने मागून खडसावले. “बोलवा.”

“तेआ!” एका लाटेने त्यांना आडवे केले. ते उठले, तोंडात खारे पाणी, कोट अंगाला चिकटलेला. आता ते चिटणीस दिसत नव्हते, पाण्यात सापडलेला एक भ्यालेला म्हातारा दिसत होते. “तेआ! मी पाठवलं तुला! ये आता! तेआ!” घसा फुटेपर्यंत ते हाका मारीत राहिले. त्यात शेवटी शेवटी सरकार कुठेच उरले नाही.

किनाऱ्यावर वेदेने पहिला हंबरडा फोडला. मग साऱ्या बायकांनी. जुग्बे ताठ उभी होती आणि उभ्यानेच रडत होती, दीड वर्षात पहिल्यांदा, उघड्या तोंडाने, डोळे न पुसता.

पेल्हम भिजून बाहेर आले तेव्हा तिने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना कोरड्या वाळूवर आणले. मग ती वल्हेकऱ्यांकडे वळली.

“सुलट्या करा होड्या. आणा ती टोपीवाली माणसं. भिजू देऊ नका.”

आणि पेल्हमना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, साऱ्या किनाऱ्याच्या साक्षीने म्हणाली,

“फिटलं.”