डाव्या हाताचा रंग

"आये, पाणी दे," म्हणत लीलाधरने डावा हात पुढे केला, आणि सरूबाईने तांब्या पुढे धरला तो सोडलाच नाही.

"सोड की."

"काल कुठून आलास तू?"

"कोलकात्याहून. सांगितलं होतं ना."

"ऊन होतं तिथं?"

"होतं की. का गं?"

"काय न्हाय. सहज."

सरूबाई भोईर सहज काही विचारत नाही, हे अख्ख्या वरसाव्याला ठाऊक होतं. लीलाधरने तिच्याकडे पाहिलं, तांब्या ओढून घेतला, पाणी प्यायला आणि भाकरी अर्धी ठेवून उठला. ती त्याच्या हातांकडेच बघत होती. दोन्ही हात एकाच रंगाचे होते. तव्यावरून उतरवलेल्या नाचणीच्या भाकरीसारखे.

ती पंचवीस वर्षं मिठागरात राबली होती, त्यातली शेवटची दहा बायांवर मुकादम म्हणून. शाळा दुसरीत सुटलेली, हजेरीचा कागद वाचता येत नव्हता, म्हणून ती हात वाचायची. मीठ ओढणाऱ्या बाईच्या तळव्याला चिरा पडतात, आणि दोन दिवस घरी बसलं की त्या मिटायला लागतात. कुणी खाडा करून भरलेला दिवस सांगितला की सरूबाई एवढंच म्हणायची, "हात दाखव." त्यावर तिच्याशी कुणी हुज्जत घातली नाही.

लीलाधरचे हात तर तिने सतराव्या वर्षापासून वाचले होते. नवरा पुंडलिक मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात गवत कापायला होता. रविवारी पोराला बरोबर न्यायचा. पोराने आधी साहेबांच्या पिशव्या उचलल्या, मग एका साहेबाची मोडकी काठी मागून घेतली, आणि दोन-तीन वर्षांत साहेबांनाच हरवायला लागला. हा खेळ काय आहे ते सरूबाईला आजतागायत नीट कळलं नव्हतं. चेंडू इतका लांब मारायचा आणि मग आपणच उन्हातून चालत शोधायला जायचं, यात शहाणपण कुठलं? पण तिला एक समजलं होतं. या खेळात डाव्या हातात मोजा घालतात, उजवा उघडा ठेवतात. म्हणून पोराचा उजवा हात भाजत गेला आणि डावा मनगटापासून बोटांपर्यंत पांढराफटक होत गेला.

"एक हात सायबाचा, एक आगऱ्याचा," ती त्याला चिडवायची, आणि चारचौघींत तोच हात वर करून दाखवायची.

जमशेदपूरचा पहिला कप आला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि हात दुधासारखा होता. तो कप तिने तांदळाचं माप म्हणून डब्यात टाकला. सोळा वर्षं झाली, भात अजून त्याच मापाने पडतो. मग दिल्ली झाली, बंगळूर झालं, थायलंडला दोनदा. एकदा टीव्हीवर इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने त्याला काहीतरी विचारलं आणि तो हसून इंग्रजीतच उत्तरला. सरूबाईला एक शब्द कळला नाही, पण शेजारणींना तिने सगळं समजावून सांगितलं. नऊ कप झाले. जितका फिरायचा तितका हात गोरा व्हायचा. पावसाळ्यात स्पर्धा थांबल्या की थोडा रंग चढायचा, दिवाळीनंतर परत उतरायचा. आता फेब्रुवारी संपत आला होता आणि डावा हात उजव्याइतकाच काळा होता.

म्हणजे हा माणूस उन्हात होता. पण मोजा घालून नव्हता.

पहिला संशय सुनेवर गेला. हिना बेव्हर्ली पार्क सोसायटीतल्या गुजराती घरातली, बापाचं टाइल्सचं दुकान. लग्नाला आठ वर्षं झाली तरी सरूबाईने तिच्यावरचा एक डोळा कधी काढला नव्हता. जावयाला दुकानात बसवायचा बेत असेल, असं तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून वाटत होतं.

"हिना, तुझ्या पप्पांचं दुकान कसं चाललंय?" तिने भांडी घासता घासता विचारलं.

"ठीक चाललंय, आई. का?"

"माणसं कमी पडत असतील."

"नाही ओ. माझा भाऊ आहे ना." हिनाने नळ बंद केला. "तुम्हाला काही विचारायचंय का?"

"मना काय विचारायचं असणार?"

हिनाचे ओठ उघडले आणि मिटले, आणि ती हात पुसत आत गेली. सरूबाईने ते मिटलेले ओठ मनात नोंदवून ठेवले.

दुपारी घरात कुणी नसताना तिने गॅलरीतली लीलाधरची मोठी पिशवी उघडली. बुटांचे तळवे कोरडे होते; गवताची एक काडी चिकटलेली नव्हती. मोजा बाजूच्या खिशात होता, सुक्या बोंबलासारखा कडक. तिने तो नाकाशी धरला. घामाचा वास सुद्धा येत नव्हता. कोलकात्याला खेळून आलेल्या माणसाचा मोजा म्हणे.

तेवढ्यात खालून पिंटूची हाक आली. पिंटू म्हणजे गावच्या मंडळाचा सेक्रेटरी. रविवारी मंडळातर्फे लीलाधरचा सत्कार होता. तो वर आला तो मोबाइलवर बॅनर दाखवतच.

"काकू, बघा. वरसाव्याचा वाघ. फोटो कसा आलाय?"

"वाघाला चश्मा कशाला?"

"स्टाईल आहे ती. आणि ऐका, स्टेजवर आपण हिरवं कार्पेट टाकतोय. तीन फुटांवर एक ग्लास आडवा ठेवायचा. दादा सगळ्यांसमोर बॉल ग्लासात घालणार. लाइव्ह. पोरं व्हिडिओ काढतील, एकदम व्हायरल."

लीलाधर नेमका दारातून आत येत होता. त्याने ऐकलं. "कशाला रे ते सगळं?" तो म्हणाला.

"दादा, तीन फूट. तुला तर डोळे मिटून जमेल."

लीलाधर हसला. हसताना त्याने डावा हात पँटच्या खिशात घातला. सरूबाईने पाहिलं, खिशाचं कापड आतून हलत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो नेहमीसारखा पिशवी घेऊन प्रॅक्टिसला निघाला, तर गाडीच्या पुढच्या सीटवर सरूबाई लुगडं नीट करून बसलेली.

"उतर आये. कुठं चाललीस?"

"वीस वरसं झाली. तू खेळतंस कसा ते मी पाह्यला न्हाय. आज पाहीन."

"बायांना नेत न्हाईत तिथं."

"मग मी गाडीतनं पाहीन. चल."

त्याने गाडी सुरू केली. घोडबंदर रोडवर ट्रकांची रांग लागली होती. मुंबईकडे वळायचं त्या नाक्यावर गाडी वळली नाही. सरळ भाईंदरच्या अंगाला गेली, मग कच्च्या रस्त्याला लागली, आणि जुन्या मिठागराच्या बांधाशी थांबली. सरूबाईने ओळखलं. याच बांधावर ती हजेरी घ्यायची. आता निम्म्या खाचरांत झुडपं माजली होती आणि पलीकडे इमारती उभ्या होत्या.

"हितं खेळतंस?"

"हितं बसतो."

"रोज?"

"रोज. अकरापर्यंत. ऊन सोसवेना झालं की उठतो."

"आनि कोलकाता?"

"वसईला लॉजवर होतो चार दिवस."

सरूबाईने तोंडाशी आलेली शिवी गिळली.

"आये, लांबचा बॉल अजून जातो. तीनशे यार्ड मारतो मी. पण शेवटचा, तीन फुटांवरनं भोकात घालायचा, तिथं हात झटका मारतो. मी न्हाय मारत, हात मारतो. गेल्या वर्षी चंदीगडला तीन फुटांवरून चार वेळा मारायला लागला. लोक बघत होते. एक न्हाय हसला. हसले असते तर बरं वाटलं असतं."

"डॉक्टर?"

"तीन झाले. म्हणाले हाताला काय न्हाय. या रोगाला इंग्रजीत नाव हाय."

"नाव हाय म्हंजे औषध असंल."

"न्हाय. नावच हाय." त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "डिसेंबरात माझं कार्ड गेलं. म्हणजे आता मोठ्या स्पर्धेत घेत न्हाईत."

"हिनाला म्हाईत हाय?"

"पहिल्यापासून. ती बोलत होती, आईंना सांगूया. मीच नको म्हणलो. तू गावभर माझा हात दाखवत फिरायचीस."

ते तिला लागलं. सुनेचे मिटलेले ओठ आठवले, आणि आपण त्यांचा काय अर्थ लावला तेही.

"पिंटूला सांग, मी आजारी हाय. रविवारचं रद्द कर," लीलाधर म्हणाला.

"रद्द कनाला? नऊ कप काय तू चोरून आणलंस?"

"आये, ते कार्पेट टाकणार. सगळ्यांसमोर."

"टाकू दे." तिने बांधाकडे पाहिलं. "गाडी फिरव. तुझ्या बायकोला सांगायचंय, आज बोंबलाचं कालवण मी करते."

हिना बोंबील खात नाही, याची आठवण लीलाधरने तिला करून दिली नाही.

रविवारी संध्याकाळी पाचला मैदान भरलं. बॅनरवरचा वाघ चष्मा लावून सगळ्यांकडे बघत होता. भाषणं झाली. लीलाधरला फेटा बांधला, नारळ दिला, खांद्यावर शाल घातली. मग पिंटूने माइक धरला.

"आणि आता, ज्याची आपण सगळे वाट बघतोय."

हिरवं कार्पेट पसरलं. ग्लास आडवा ठेवला. तीन फुटांवर पिंटूने आणलेला पांढरा चेंडू. मोबाइल वर झाले. कुणीतरी काठी लीलाधरच्या हातात दिली. पहिल्या रांगेत हिना खुर्चीच्या कडेवर आली होती. लीलाधर उठला. शालीच्या आत त्याचा डावा हात थरथरायला लागलेला, हे मैदानात दोघींनाच दिसत होतं.

सरूबाई स्टेजवरच्या खुर्चीतून उठली आणि त्याच्या हातातून काठी काढून घेतली.

"हा मान आयचा," ती माइकशिवाय बोलली, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "वीस वरसं ह्याचे मोजे मी धुतले. पैला मी मारनार."

"काकू, तुम्हाला जमेल का?" पिंटू म्हणाला.

"तुना बायको मिळाली, मना ह्ये जमनार न्हाय?"

मैदान हसलं. तिने पदर खोचला, काठी मीठ ओढायच्या फावड्यासारखी धरली आणि अंगातल्या सगळ्या जोराने मारली. चेंडू ग्लासाच्या वरून गेला, स्पीकरवर टणकन आदळला आणि स्टेजच्या खाली नाहीसा झाला. काठीच्या झटक्याने तिचा तोल गेला आणि ती लुगड्यासकट कार्पेटवर बसली.

मग मैदान जे हसलं ते थांबेचना. चुलत जाऊ शेवंती तोंडावर पदर घेऊन डोळे पुसत होती. पोरं शिट्या मारत होती. जिच्यासमोर मिठागरात कुणी दात काढले नव्हते, ती सरूबाई भोईर कार्पेटवर बसून होती आणि सगळे मोबाइल तिच्याकडे होते. तिने कुणालाही शिवी दिली नाही.

"बॉल कुठं गेला रे?" पिंटू पोरांना विचारत होता. "स्टेजखाली बघा. दुसरा आहे का कुणाकडे?"

दुसरा नव्हता. लीलाधरच्या पिशवीतले सगळे चेंडू सकाळीच सरूबाईने काढून तांदळाच्या डब्यात पुरले होते. पण ते तिने लीलाधरलाही सांगितलं नव्हतं.

हिना धावत स्टेजवर आली आणि तिला उठवलं. "लागलं का, आई?"

"न्हाय गो. हस की तू पण. सगळे हसतायत."

हिना हसली नाही. तिने सासूच्या लुगड्याची धूळ झटकली.

आभार सुरू झाले. सरूबाई लीलाधरच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. फोटोवाला समोर आला. "दादा, हात जरा वर घ्या, नारळ दिसू द्या," तो म्हणाला.

"थांब," सरूबाई म्हणाली. तिने लीलाधरच्या खांद्यावरची शाल ओढून त्याच्या मांडीवर घेतली, दोन्ही हात झाकले, आणि वरून आपला हात ठेवला. बोटांच्या कडांना मिठाच्या जुन्या चिरांचे वण अजून पांढरे दिसत होते. तिच्या हाताखाली शाल हलत होती. ती हलायची थांबेपर्यंत तिने हात काढला नाही.

"हां," ती फोटोवाल्याला म्हणाली. "आता काढ."