माझ्या पाठची गरम हवा

मित्रांनो, मी एक जुना, चाकांवरचा एसी आहे. भिंतीत बसणारे माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. मला मात्र भिंत लागत नाही, ढकलाल तिथे मी जातो. फक्त एक अट आहे. माझ्या पाठीला हत्तीच्या सोंडेसारखी जाड नळी आहे, तिचं तोंड घराबाहेर हवं. कारण मी गारवा जन्माला घालत नाही. खोलीतली उष्णता गोळा करतो आणि नळीतून बाहेर टाकतो, एवढंच माझं काम.

माझा जन्म परदेशातला. पलसाण्याच्या एका कापडरंगाई कारखान्याच्या शेठने मला मोठ्या हौसेने सुरतेला आणलं. त्याच्या ऑफिसात माझे भारी लाड झाले. येणारा प्रत्येक व्यापारी माझ्यापुढे उभा राहून शर्टाची बटणं सोडायचा. पुढे ऑफिसात नवा एसी आला आणि माझी रवानगी गोदामात, कापडाच्या ताग्यांमागे झाली.

मग शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात कारखान्यात वाफेचा पाइप फुटला. धुळ्याकडून आलेला हिलाल नावाचा कामगार पाठभर भाजला. दवाखान्यातून घरी आल्यावर पंख्याची गरम हवासुद्धा त्याला झोंबायची. शेठला काय वाटलं कोण जाणे, त्याने मला टेम्पोत घालून भेस्तानला हिलालच्या खोलीवर पाठवलं.

खोलीला एकच खिडकी होती. धुडकू वायरमनने तिचं एक तावदान काढलं, नळी बाहेर काढली, आणि उरलेल्या फटीत पुठ्ठा न् चिंध्या कोंबल्या. हिलालची बायको भागीरथी हात जोडून माझ्यापुढे उभी राहिली. त्या दुपारी हिलाल कित्येक दिवसांनी शांत झोपला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक तेच.

पण गल्ली इतकी चिंचोळी, की माझ्या नळीसमोर हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर दुसरी खिडकी होती. ती मालतीबाईंची. त्याही धुळ्याकडच्याच. भागीरथीला मूल नव्हतं. मालतीबाईंच्या मुलाला, गजेंद्रला, ती दरवर्षी राखी बांधायची. त्याची बायको हर्षदा गरोदर राहिली, तेव्हाच मालतीबाईंनी सांगून ठेवलं होतं, बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान भागीरथीचा. भागीरथीने बाळासाठी दुपटी शिवून ठेवली होती.

हर्षदा बाळंतीण होऊन घरी आली. रिवाजाप्रमाणे तिच्या बाजेखाली शेकाची शेगडी ठेवली. खोली तापली तेव्हा सगळ्यांना वाटलं, शेगडीची धग आहे. शेगडी विझवली तरी खोली तापतच राहिली. तान्ही पोर घामोळ्यांनी लालबुंद झाली, रडून रडून तिचा आवाज बसला. एके दुपारी मालतीबाईंनी खिडकीत हात धरला आणि त्यांना कळलं. माझी नळी त्यांच्या खिडकीपाशीच, त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"भागीरथीना घरवाला भाजेल शे वं," त्या सुनेला म्हणाल्या. "तिले काही बोलू नको. आपण खिडकी लाई लेऊत."

त्यांनी खिडकी घट्ट लावून घेतली. इकडे भागीरथीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाळले मनी नजर लागी म्हनीसन खिडकी लाई लिधी तिनी," ती हिलालला म्हणाली. "मी वांझ ना!"

मित्रांनो, मला घरघरण्यापलीकडे काही बोलता येत नाही. तेव्हा त्याचं फार वाईट वाटलं.

बारशाच्या आदल्या दिवशी मालतीबाई स्वतः बोलवायला आल्या. "बाळना कानमा नाव तूच सांगजो, भागीरथी."

"यासले सोडीसन कशी येऊ मी?" भागीरथी मागे वळूनही न बघता म्हणाली. मालतीबाईंना ते खरंच वाटलं, त्या परत गेल्या. बारशाच्या दिवशी समोर पाळणा म्हटला गेला, आणि भागीरथी माझ्याजवळ बसून तांदूळ निवडत राहिली.

बंद खिडकीमुळे खोलीत वारा येईना, उघडली की माझी धग आत जायची; पोरीची तब्येत सुधारेना. शेवटी मालतीबाईंनी खोली सोडली आणि सगळे गावाकडे निघाले. घरमालकाला किल्ली द्यायला मागे राहिलेला गजेंद्र निरोप घ्यायला दारात आला.

"अक्का, पोरगीले गरमी सहन व्हयेना. तुमना मशीननी वाफ सरळ आमना घरमा येत व्हती. माय बोलनी, दाजीले बरं नही, अक्काले काही सांगू नका."

भागीरथी उठली. त्याच्या हातातली किल्ली घेऊन समोरच्या रिकाम्या खोलीत गेली आणि ती खिडकी उघडली. माझी सगळी गरम हवा तिच्या तोंडावर आली. ती तिथून हलली नाही. बऱ्याच वेळाने परतली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"गजू," तिने विचारलं, "पोरगीनं नाव काय ठेवं रे?"

"नूतन," तो म्हणाला.

हिलालच्या जखमा तोवर भरत आल्या होत्या. भागीरथीने त्याच दिवशी माझा प्लग काढला. आज मी त्याच गल्लीच्या तोंडाशी भंगाराच्या दुकानात पडून आहे आणि माझ्या नळीत चिमण्यांनी काड्या आणल्या आहेत.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. गारवा जरूर घ्या, दुखणाईताला तर द्याच. पण माझ्यासारखा कुणी घरी आणलात, तर त्याच्या पाठची हवा कुणाच्या घरात जाते ते स्वतः तिथे उभं राहून बघा. आणि शेजारची खिडकी बंद दिसली, तर मनात काही धरण्याआधी जाऊन विचारा. भागीरथी त्या गल्लीत अजून राहते, आणि नूतनला तिने एकदाही पाहिलेलं नाही.