शब्दांवरची साय

हेरंब वाकणकरच्या शब्दांवर साय धरू लागली, तेव्हा रुग्णालयात कुणालाच त्याचे नवल वाटले नाही. अवयवदान समन्वयकाचे काम करणाऱ्यांना ती धरतेच, असे त्याच्या वरिष्ठ गायतोंडे मॅडम म्हणाल्या. कुणाला लवकर, कुणाला उशिरा. आवाज किती ऊब धरतो आणि किती स्थिर राहतो, त्यावर ते असते.

हेरंबचा आवाज फार स्थिर होता. मेंदू मृत झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना कोपऱ्यातल्या लहान खोलीत बसवायचे, आधी पाणी द्यायचे, पेला रिकामा होईपर्यंत गप्प राहायचे आणि मग रुग्णाचे नाव घेऊन खालच्या पट्टीत बोलायचे, हे त्याला कुणी शिकवावे लागले नव्हते. तो मुळातच हळू बोलणारा, माणसांच्या डोळ्यांऐवजी त्यांच्या हातांकडे पाहणारा. आता मात्र वाक्य संपते न संपते तोच त्याच्या खालच्या ओठावर साय जमे. पिवळसर, सुरकुतलेली, कडेला तेलकट. बोटाने ओढली की ती ओठाला चिकटून ताणली जाई, आणि तुटताना तिला दुधाचा नव्हे, कुणाच्या तरी घामट मानेचा वास येई.

सुरुवातीला तो ती रुमालात पुसून घेई. संध्याकाळपर्यंत खिसा ओला होई आणि त्याला मुंग्या लागत. एकदा मॅडमनी ते पाहिले.

“पुसू नकोस. नातेवाइकांसमोर बरं दिसत नाही. गिळायची.”

“किळस येते, मॅडम.”

“येतेच. मी इतकी वर्षं गिळतेय. आता घरी जेवणसुद्धा लागत नाही मला.”

एखादी काटकसर सांगावी तसे त्यांनी ते सांगितले आणि पोटावर हात ठेवला. आत थरांवर थर बसलेले काहीतरी जडपणे हलल्याचा आवाज झाला.

तेव्हापासून हेरंब गिळू लागला. साय मात्र कामापुरती राहिली नाही. भाजीवालीला मेथीचा भाव विचारला तरी ती धरे. आईशी फोनवर बोलताना मोबाइलची भोके बुजत. तू हल्ली आमच्याशीही मयताच्या घरी बोलल्यासारखा बोलतोस, अशी आईची तक्रार होती. त्यावर तो जे काही बोले, तेही सायीखालूनच येई.

अशा दिवसांत एका दुपारी शालन बेलेकर त्या लहान खोलीत येऊन बसली. तिचा नवरा आनंदा उसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडला होता. डॉक्टरांनी मेंदूच्या तपासण्या दोन वेळा केल्या होत्या आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आले होते. दीर विलासने, वहिनी म्हणतील तसे, एवढे सांगून बाहेरच्या बाकाचा आधार घेतला होता. दुसऱ्या शहरात एका बाईला यकृत मिळेल या आशेवर शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवले होते. आनंदाचा श्वास यंत्रावर चालू होता, पण रक्तदाब उतरत चालला होता. उशीर झाला, तर द्यायला काही उरणार नव्हते.

हेरंबने पाण्याचा पेला पुढे केला. शालनने आत पाहिले आणि पेला परत ठेवला.

“पाण्यावर साय असती व्हय?”

ती होती. हेरंबने पेला बाजूला सारला आणि सुरुवात केली. आनंदा यांच्या जाण्यातून कुणाला तरी जीवन मिळू शकते, हे वाक्य तो नेहमीच्याच संथपणे बोलला. साय हनुवटीपर्यंत उतरली आणि टेबलावर पडली. शालनने पदर नाकाला लावला.

“असलं नगो, दादा. तुमचं बोलणं अंगाला चिकटतंय.” ती त्याच्या डोळ्यांत पाहत होती. “त्यांची छाती हलतीया. अंग गरम हाय. ते हाईत का न्हाईत, एवढंच सांगा. तुमच्या तोंडानं सांगा. मग सही करते.”

वैद्यकीयदृष्ट्या, असे हेरंब म्हणाला, आणि त्या एका शब्दावर इतकी दाट साय आली की पुढचा शब्द तिच्याखालीच राहिला.

सांगायचे होते ते दोन शब्दांचे होते. ‘ते गेले.’ इतक्या माणसांना इतके दिवस समजावूनही हे दोन शब्द आपण एकदाही उच्चारले नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. दरम्यान खिडकीच्या काचांवर साय चढली होती. पंखा तिच्यात रुतून थांबला. दाराच्या फटी बुजल्या. बाहेरून विलास दार वाजवत होता, पण ओल्या कापडावर थापा माराव्यात तसा आवाज येत होता. भिंतीही जवळ आल्या होत्या, कारण त्यांच्यावरचे थर जाड होत होते. खिशात फोन थरथरला. गिळ आणि संमती विचार, असा मॅडमचा निरोप होता.

त्याने गिळले. ते खाली गेले नाही. आजवर गिळलेले सारे गळ्यापर्यंत येऊन थांबले होते.

मग त्याने जिभेखाली बोट घातले. एक काठ हाताला लागला आणि तो ओढू लागला. आधी तळव्याएवढी, मग पंचाएवढी, मग चादरीएवढी साय बाहेर आली, कोमट आणि बुळबुळीत. तिच्यात काहीबाही अडकले होते: एक टिकली, एक पिकलेला केस, कुणाचे तरी चावून तोडलेले नख. हेरंबला उमासे आले. प्रत्येक उमाशाबरोबर ती आणखी हातभर बाहेर आली.

शालन उठली. तिने पदर खोचला, तोंड वाकडे केले आणि दुसरे टोक उचलले.

“नीट धरा. भुईला लागंल.”

वाळलेली चादर दोघांनी मिळून घडी करावी, तशी ते तिची घडी करू लागले. काठाला काठ लावायचा, एक पाऊल पुढे यायचे, पुन्हा काठाला काठ लावायचा. शालनचे हात मनगटापर्यंत माखले. घडी जाड होत गेली आणि दोघांमधले अंतर संपत गेले. अखेर तिची बोटे त्याच्या हनुवटीला टेकली.

“आता सांगा,” ती म्हणाली.

हेरंबने तोंड उघडले. शेवटचे टोक अजून आत, जिभेच्या मुळाशी, त्या दोन शब्दांना घट्ट धरून होते. शालनने पाय रोवले आणि ओढले.