मागच्या चाकांची हवा

तिसऱ्यांदा गाडीचं बूड फिरलं तेव्हा धाकटा भिंतीपासून हातभर अंतरावर थांबला. सरावाच्या ट्रॅकवरून त्याने गाडी लगतच्या आमच्या गॅरेजात घेतली, हेल्मेट काढलं आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिला. एरवी गाडीतून उतरल्या उतरल्या तो ओरडतो, "काय म्हणते गाडी, बाबा?" मग बाबा निकाल देतात. त्या दिवशी त्याने विचारलंच नाही. माझ्या भावाला मी मार खाताना पाहिलंय, रडताना पाहिलंय, पण असा पांढराफटक कधी पाहिला नव्हता.

"वळणावर मागचं धरतच नाही, ताई," तो म्हणाला. "पाय जरा उचलला की मागची चाकं निसटतात. रविवारी रेस आहे. असंच राहिलं तर मी भिंतीत जाणार."

"नाचता येईना अंगण वाकडं," बाबा म्हणाले. "टायर नवे आहेत. आधी वळण घ्यायला शीक."

धाकट्याने नळ बंद केला. तो बाबांना उलट बोलत नाही, ते खातं माझ्याकडे आहे.

आमचं गॅरेज वेगवान गाड्यांचं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने मागे जाते आणि तिथे डिफरन्शिअल ती दोन चाकांत वाटून देतं. या सगळ्या पसाऱ्यात कुठे काही झिजलं की आधी आवाज बदलतो, मग गाडी मोडते. तो बदललेला आवाज ओळखणं हे बाबांचं काम. शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायचे आणि दोन चकरांत सांगायचे, दुखणं कुठे आहे ते. लांबलांबून लोक गाड्या घेऊन यायचे ते आमच्या यंत्रांसाठी नव्हे, त्या कानासाठी.

टायरच्या हवेचं शास्त्रही मला त्यांनीच शिकवलं. कडक टायर चुगलखोर असतो, ते म्हणायचे. रस्त्याची आणि यंत्राची प्रत्येक कुरबुर वर आणून सांगतो. मऊ टायर सोशिक, सगळं पोटात घालतो. फार मऊ केला तर गाडी वळणावर लोळते. फार कडक केला तर टायर मधल्या पट्टीवरच टेकतो, जरा खडबडीत रस्ता आला की उड्या मारतो आणि पकड सोडतो. या दोन्हींच्या मधला आकडा शोधायचा. तो आकडा लावायचं काम आमच्याकडे फक्त बाबांचं. गाडी बाहेर काढायच्या आधी सगळ्यात शेवटी ते हवा मोजायचं आपलं पितळी गेज घेऊन एकेका चाकाशी बसायचे, आणि त्यानंतर त्या गाडीला कुणी हात लावायचा नाही.

मी लावला. बाबा चहाला गेले तेव्हा माझं गेज काढलं आणि मागची चाकं बघितली. ठरलेल्या आकड्यापेक्षा हवा कितीतरी जास्त होती. आधी वाटलं, पितळी गेज म्हातारं झालं असेल. दोन्ही गेज एकाच चाकाला लावून बघितली, तर तोच आकडा. पलीकडे एका डॉक्टरांची लाल गाडी उभी होती. ओल्या रस्त्यावर घसरते म्हणून तक्रार घेऊन परत आलेली. तिच्याही मागच्या चाकांत तेच. म्हणजे चूक नव्हती, बाबा जाणूनबुजून करत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी हवा ठरलेल्या आकड्यावर उतरवली आणि बाबा आल्यावर म्हटलं, "चला, एक चक्कर मारू."

ते शेजारी बसले, डोळे मिटले, तळहात दारावर सपाट टेकवला. सरळ पट्ट्यावर मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मागून एक बारीक शिटी सुरू झाली, लांबच्या घरात कुकर लावल्यासारखी. पाय उचलला, शिटी गेली. दाबला, आली. पायाबरोबर आवाज बदलला तर डिफरन्शिअल, नाही बदलला तर टायर, हा धडा आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी बाबांच्या निकालाची वाट बघत राहिले.

"छान," बाबा म्हणाले. "एकदम शांत. मागे काही नाही."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा शांत होता, आणि तळहात दारावर होता. पूर्वी ते हात मांडीवर ठेवायचे. मग आठवलं की आपल्या सीटवरची गादी त्यांनीच काढून टाकली होती. गॅरेजमधल्या स्टुलावरचीही. पाठीला बरं वाटतं म्हणाले होते, आणि आम्ही विश्वास ठेवला होता.

मी रस्त्याकडेच बघत, साध्या आवाजात म्हटलं, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाहीये ना?"

"पुढच्या वळणाला जरा जपून," ते म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, त्यांच्याकडे तोंड करून तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी ते खूप वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"जाडा आवाज येतो," ते शेवटी म्हणाले. "बारीक येत नाही. आणखी जाणार म्हणतात."

"म्हणून टायर कडक?"

"कडक असले की सगळं पाठीतून वर येतं. पाठीला कळतं गं. अगदी पूर्वीसारखं नाही, पण कळतं."

"आणि धाकटा?"

"वाटलं, थोड्याशा हवेने काय होतंय. चांगला चालवतो तो. सांभाळेल."

"टायर कडक झाला की काय होतं, तुम्हीच शिकवलंत मला. विसरलात?"

"विसरलो नाही."

विसरलो म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. त्या क्षणी मला बाबांचा भयंकर राग आला, इतका की गाडीतून उतरून चालत निघावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी त्यांचं डोकं छातीशी धरावंसंही वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," बाबा म्हणाले. "कान गेला म्हटल्यावर कोण येणार आपल्याकडे? मी तरी काय करू इथे, झाडू मारू? धाकट्याला सांगू नकोस."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डिफरन्शिअल उघडलं. आतलं एक बेअरिंग खवल्याखवल्यांनी सोलवटलं होतं. नवं बसवलं आणि जुनं बाबांच्या हातावर ठेवलं. त्यांनी अंगठा त्याच्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला, आणि ते खिशात टाकलं. जेवताना धाकट्याने विचारलं, बेअरिंग गेलंय हे कुणाला कळलं? मी ताटात बघत राहिले. बाबांना प्रश्न ऐकू आला की नाही, देव जाणे.

रविवारी ट्रॅकवर बाबा पितळी गेज घेऊन नेहमीसारखे चाकांशी बसले. गुडघे कुरकुरत होते, तरी मला जवळ येऊ दिलं नाही. चारही चाकं झाल्यावर मात्र उठले आणि गेज माझ्यापुढे धरलं.

"तू एकदा बघ."

धाकटा हातमोजे चढवता चढवता थांबला. हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. मी एकेक चाक बघितलं. चारही आकडे बरोबर होते.

रेसभर माझा जीव टांगणीला. ते वळण आलं की मी डोळे मिटत होते आणि बाबा टक लावून बघत होते. प्रत्येक वेळी गाडी जमिनीला चिकटून वळली. धाकटा चौथा आला, पण आनंद असा की जणू पहिलाच. गाडी आत आली, दार उघडलं, हेल्मेट निघालं.

"काय म्हणते गाडी, बाबा?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिशातल्या जुन्या बेअरिंगवरचा हात तिथेच राहिला.

"हिला विचार," ते म्हणाले. "मला आता ऐकू येत नाही."

"काहीतरीच," धाकटा हसला. बुटाची नाडी सोडायला तो खाली वाकला आणि वाकूनच म्हणाला, "रुसलात का? परवा पाण्याखाली डोकं धरलं, निकाल विचारला नाही म्हणून?"

बाबा पुढे बघत उभे होते.

"बाबा?" तो खालूनच म्हणाला. मग पुन्हा, "बाबा?"

नाडी अर्धी सुटलेली राहिली. त्याने मान वर केली, बाबांकडे पाहिलं, मागच्या चाकाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पितळी गेजकडे.

"म्हणजे हवा..." तो म्हणाला आणि थांबला.

बाबांनी मान खाली घातली. ते शब्द त्यांनी ऐकले नव्हते, ओठांवरून वाचले होते.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. निकाल द्यायचा राहिला होता, आणि तो द्यायला आता मीच होते.

"गाडी ठीक आहे," मी म्हटलं. "मागून काही आवाज नाही."

मोठ्याने म्हटलं, दोघांनाही ऐकू जाईल असं.