दुसऱ्याच्या छातीचा रिपोर्ट

हौसराव आप्पांचा ताठा सगळ्या वडगाव रासाईला ठाऊक. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, दोनदा सोसायटीचा चेअरमन, आणि गुडघे दुखतात म्हणून सणसवाडीतल्या कुठल्याशा भोंदूच्या पुड्या दीड वर्ष साखरेसारख्या फाकल्या. "बघ, कसा पळतोय घोडा!" म्हणून बायकोपुढं मिरवायचे. तुळजाबाई कपाळाला हात लावायच्या. घोडा कसला, डोंबलाचा!

मग खोकला लागला. ताप हटेना, अंगावरचं मांस उतरलं. केडगावच्या डॉक्टरनं हातात डबी दिली. "सकाळचा बेडका आणा आप्पा, टीबी तर नाही ना बघू." टीबी म्हटल्यावर आप्पांचं तोंड काळंठिक्कर पडलं. नातीचं लग्न ठरत आलेलं, पाहुण्यांना कळलं तर?

डबी गेली, रिपोर्ट आला. टीबी नाही! आप्पांनी पारावर चहा पाजला. तुळजाबाईंच्या जिवात जीव आला. पण खोकला कुठं रिपोर्ट वाचतोय? पंधरा दिवसांनी आप्पा गोठ्यात कोसळले, तोंडातून रक्त.

गाडीत घालताना गोठ्यावरचा ज्ञानू रडायला लागला. "मालकीन, ती थुंकी माझी व्हती वो. मालक म्हनले, तुजी छाती ठणठणीत हाय, खाकर हितं. आन् कुनाला सांगशील तर बघ."

तुळजाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. गावाला अक्कल शिकवणारा माणूस, आणि स्वतःची थुंकी गड्याकडून मागून घेतो!

पुण्याला नळी घालून छाती तपासली. डॉक्टर म्हणाले, "टीबी नाहीच, बुरशी आहे. त्या पुड्यांत स्टेरॉइड असणार, त्यानं अंगातली रोगाशी लढायची ताकद मारली. बुरसटलेल्या चाऱ्याशी संबंध येतो का?"

येतो का! गाईंचा मुरघास खराब झालाय का बघायला आप्पा मूठभर उचलून थेट नाकाला लावायचे.

"धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही त्यानं. आणि हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. डबीत खरा बेडका असता तर टीबी नसला तरी त्यातला पू बघून केडगावलाच पुढचा शोध सुरू झाला असता. आता औषध चालू केलंय, पण खात्री देत नाही."

म्हणजे जो रोग लपवला, तो नव्हताच. डॉक्टर गेल्यावर आप्पांनी तोंडावरचा मास्क सरकवला आणि धापा टाकत विचारलं, "पाहुण्यांना काय सांगायचं?"

तुळजाबाई भडकल्याच. "काय घाई हाय? तेराव्याला येतील की, तवा सांगते!"

बोलून गेल्या, आणि त्यांनीच तोंडात पदर कोंबला. आप्पांनी मास्क परत लावायला हात उचलला, तो वरपर्यंत गेला नाही. तुळजाबाईंनी रडत रडत लावून दिला.