धुऊन आणलेलं रक्त

वहिनीच्या डायलिसिसच्या दिवशी त्या घरात कामं साठवून ठेवली जात. भांडी तशीच, कपडे भिजवलेले आणि बाबांच्या पायावरच्या चिघळलेल्या जखमेची पट्टी तर खास तिच्यासाठी राखलेली. मशीनमधून धुऊन निघालेलं रक्त नवं कोरं असतं, माणूस ताजातवाना होऊन घरी येतो, असा आईचा ठाम समज होता. तो समज सगळ्यांच्याच सोयीचा असल्यामुळे कुणी मोडून काढला नाही.

सोबतीला जायची ती धाकटी नणंद. शिवणकामाच्या दुकानातून सुट्टी काढून ती वहिनीच्या पलंगापाशी बसे. मशीन सुरू झालं की वहिनीला हुडहुडी भरायची, धाप लागायची. एकदा न राहवून धाकटीने डॉक्टरीणबाईंना कारण विचारलं.

"पांढऱ्या पेशी म्हणजे रक्तातले राखणदार," बाई म्हणाल्या. "रक्त गाळणाऱ्या या नळकांड्यातली जाळी त्यांना परकी वाटते. ते तिच्यावर धावून जातात, बरेचसे फुफ्फुसांत अडकून बसतात. थोड्या वेळाने परततात, पण दमूनभागून. हिला जरा सौम्य जाळी लावून बघू. तरी या आजारात राखणदार मुळातच दुबळे असतात, आणि हिच्या मानेत नळी आहे, म्हणजे जंतूंना आत जायची सरळ वाट. पू, खोकला यांच्या जवळ हिला जाऊ देऊ नका. आणि ताप नाही म्हणून गाफील राहू नका. हिला तो येईलच असं नाही."

धाकटीने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, डॉक्टरांना घाबरवायलाच शिकवतात. दादा म्हणाला, राखणदार झोपा काढत असतील तर त्यांचा पगार कापू. सगळे हसले. वहिनीही हसली, कारण बसल्या जागी करता येण्यासारखं तेवढं एकच काम होतं.

"दादा, पट्टी तू कर ना," धाकटीने म्हणून पाहिलं. दादाला पू बघवत नव्हता. आईला वासाने मळमळायचं. धाकटी स्वतः पुढे झाली तर बाबा पाय आखडून घेत, त्यांना सुनेचाच हलका हात हवा असे. बिचारी वहिनी हात धुऊन खाली बसली. सून आजारी असली तरी सूनच असते, हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण पाळत मात्र सगळे.

पुढे एके दिवशी ती उठेचना. आईने थर्मामीटर लावला. ताप नव्हता, तेव्हा आजार नाही, तेव्हा सोंग. धाकटी दुकानातून परतली तोवर वहिनीची बोटं गार पडली होती आणि मानेतल्या नळीभोवती लाली पसरली होती. धाकटीने तिला घेऊन धावतपळत दवाखाना गाठला, पण विष रक्तात भिनलं होतं. वहिनी परत आली नाही.

भेटायला येणाऱ्यांना आई सांगायची, मशीनने खाल्ली पोरीला. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. जाळीने राखणदारांना दमवलं हे खरं, पण दार उघडं टाकलं होतं घरच्यांनी.

वर्ष उलटायच्या आत दादासाठी स्थळ आलं. मुलीच्या आईने चहाचा कप खाली ठेवत विचारलं, पहिली कशाने गेली? आईने मशीनचं नाव घेतलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "बाबांच्या जखमेला तिने हात लावायचा नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, मी इथेच सांगितलं होतं. तरी आम्ही तिलाच पट्टी करायला बसवलं."

मुलीच्या आईने शांतपणे विचारलं, "आता पट्टी कोण करतं?"

"मी. तुमची मुलगी येईपर्यंत."

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. आता तुलाही कोण पत्करणार, म्हणत आई कपाळाला हात लावून बसली. पट्टीची वेळ झाली होती; बाबांनी सवयीने पाय पुढे केला. धाकटीने मलमपट्टीचा डबा उचलला आणि दादाच्या मांडीवर ठेवला.

"तुझे राखणदार जागे आहेत ना? कर."

दादा डबा धरून बसून राहिला. बाबांचा पाय तसाच पुढे होता.